इन्स्टॉलरला डिस्क दिसते, बायोसला दिसत नाही: जुन्या बोर्डवर एनव्हीएमई

निशिगंध | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बाबांचा २०१२ सालचा डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-५, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. यंत्र अजून ठणठणीत आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, म्हणून लिनक्स मिंट टाकायचं ठरवलं. एक ५०० जीबीची एनव्हीएमई (नेहमीच्या सॅटा केबलऐवजी थेट पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी) एसएसडी हाताशी होती. बोर्डवर एम.२ स्लॉट (अशा डिस्कची जागा) नाही, म्हणून अ‍ॅडॉप्टर कार्डावर लावून ती ग्राफिक्स कार्डाच्या लांब स्लॉटमध्ये बसवली. बाबांच्या फाइल्सना धक्का लागू नये म्हणून जुनी हार्ड डिस्क केबल काढून बाजूला ठेवली.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं, एसएसडी लगेच दिसली, इन्स्टॉलही एकदाही न अडखळता झालं. रीस्टार्ट केल्यावर मात्र काळ्या पडद्यावर 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टीम डिस्क अँड प्रेस एंटर'. बायोसमध्ये (यंत्र चालू होताना पहिलं चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) जाऊन पाहिलं तर यादीत फक्त डीव्हीडी ड्राइव्ह. पुन्हा पेनड्राइव्ह लावला की एसएसडी हजर, आत सगळ्या फाइल्सही जागच्या जागी. तीनदा हेच झालं.

एकाच यंत्रात एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, हे कसं? आणि यातून वाट आहे का?

---

शून्यएक | शनिवार, रात्री ९:५२

बायोस अपडेट करून पाहिलं का?

---

खटपट्या | शनिवार, रात्री १०:१५

निशिगंधताई, तुमचं काही चुकलेलं नाही, डिस्कही चांगली आहे. एनव्हीएमईचं पहिलं स्पेसिफिकेशन मार्च २०११ चं. तुमचा चिपसेटही त्याच वर्षीचा. त्या काळच्या बायोसमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नसायचाच. लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) तो मार्च २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून आहे. म्हणून मिंटला डिस्क दिसते आणि बायोसला नाही.

हे नीट कळायला एकच प्रश्न विचारत जा: या क्षणी डिस्क कोण वाचतंय?

बटण दाबल्यावर सुरुवातीला वाचतो बायोस. तो बूटलोडरचा (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) पहिला तुकडा उचलतो. मग ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, सुरू होतो, पण ग्रबही जुन्या बायोसवर डिस्क वाचताना बायोसलाच विनंती करतो, त्याच्याकडे एनव्हीएमईचा स्वतःचा ड्रायव्हर नाही. ग्रबने कर्नल आणि इनिट्रॅमएफएस (सुरुवातीचे ड्रायव्हर असलेली फाइल) या दोन फाइल्स मेमरीत आणल्या की कर्नल जागा होतो, आणि तिथून पुढे बायोसचा संबंध संपतो. सगळं कर्नलच्या ड्रायव्हरवर चालतं.

म्हणजे अडचण फक्त पहिल्या काही सेकंदांची आहे. त्या दोन फाइल्स आणि ग्रब बायोसला दिसणाऱ्या जागी ठेवा. बाकी अख्खी सिस्टीम एनव्हीएमईवर राहू द्या. इन्स्टॉल करताना 'समथिंग एल्स' निवडा, /बूट नावाचं १ जीबीचं पार्टिशन सॅटा डिस्कवर किंवा एखाद्या पेनड्राइव्हवर करा, रूट (म्हणजे मुख्य सिस्टीमचं) पार्टिशन एनव्हीएमईवर. आणि खाली बूटलोडर कुठे टाकायचा ते विचारणारी एक छोटी यादी असते, तिथे एनव्हीएमई नाही, /बूट असलेली डिस्क निवडा. बहुतेकजण इथेच घसरतात.

---

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:०५

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? साधी २.५ इंची सॅटा एसएसडी लावा, बायोसला दिसेल, विषय संपला. रोजच्या वापरात सॅटा आणि एनव्हीएमईमधला फरक कळतसुद्धा नाही. जुनी हार्ड डिस्क सोडून कुठल्याही एसएसडीवर आलात की खरा फरक पडतो.

---

टर्मिनल | शनिवार, रात्री ११:३०

रात्रपाळी, एरवी तुमच्याशी सहमत झालो असतो. पण बोर्ड एच६१ आहे. त्यावरचे सगळे सॅटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३०० एमबी. अर्धी एसएसडी तिथेच वाया गेली. लांब स्लॉटमध्ये एम.२ ला चार लेन मिळतात, पीसीआय एक्सप्रेस २.० धरलं तरी सेकंदाला २ जीबीची वाट. आणि डिस्क त्यांच्याकडे आधीच आहे! जवळ असलेली वस्तू वापरायची तर एक पेनड्राइव्ह पुरेल.

शून्यएक, अपडेट पाहायला हरकत नाही, पण आशा कमी. उत्पादकांनी एनव्हीएमईवरून बूट सर्रास द्यायला सुरुवात केली ती २०१४ च्या ९-सिरीज चिपसेटपासून. त्याआधीच्या मोजक्या बोर्डांना नंतर अपडेट मिळालं.

---

पितळी_स्क्रू | रविवार, सकाळी ७:२०

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. विकत घेण्याआधी डिस्कच्या सोनेरी दातांमधल्या खाचा मोजा. एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. दोन खाचा असतील तर बहुतेक वेळा ती एम.२ आकाराची सॅटा डिस्क असते (काही दोन लेनच्या एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात, म्हणून लेबल वाचाच). सॅटावाली डिस्क एनव्हीएमईच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये घट्ट बसते, पण कुणालाच दिसत नाही, इन्स्टॉलरलाही नाही. मी दोन दिवस ड्रायव्हर शोधत होतो. शेवटी भिंग घेऊन लेबल वाचलं तेव्हा 'सॅटा ६ गिगाबिट' असं बारीक अक्षरात छापलेलं सापडलं.

आणि तो टोकाचा इवलासा स्क्रू लावायला विसरू नका. नुसती खोचलेली डिस्क तिरपी उभी राहते, स्क्रूने दाबल्यावरच सगळे दात नीट टेकतात.

---

सावली | रविवार, सकाळी ९:१०

खटपट्यादादा, हीच युक्ती विंडोजला चालेल का? माझ्या एका कामाच्या सॉफ्टवेअरला विंडोजच लागतं. बूटचं छोटं पार्टिशन सॅटावर, बाकी विंडोज एनव्हीएमईवर. यंत्र याच वयाचं.

---

खटपट्या | रविवार, सकाळी १०:००

नाही हो सावली, तिथे ही युक्ती फसते. कारण पुन्हा तेच, कोण वाचतंय. लिनक्सचा कर्नल आणि सुरुवातीचे ड्रायव्हर /बूटमध्ये वेगळे ठेवता येतात. विंडोजचा बूट मॅनेजर सॅटावर ठेवलात तरी त्याला कर्नल आणि सुरुवातीचे ड्रायव्हर विंडोजच्याच पार्टिशनमधून, म्हणजे एनव्हीएमईवरून उचलावे लागतात. आणि तेव्हा तो अजून बायोसच्याच डोळ्यांनी पाहत असतो. बायोस आंधळा, म्हणून तोही आंधळा.

तुमच्यासाठी क्लोव्हर नावाचा बूटलोडर. पेनड्राइव्हवर क्लोव्हर टाकायचा, त्याच्या ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये 'एनव्हीएमएक्सप्रेसडीएक्सई' ही फाइल कॉपी करायची. जुना बायोस असेल तर 'बायोस' नावाच्या उपफोल्डरमध्ये, यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) असेल तर 'यूईएफआय' नावाच्या. क्लोव्हर आधी स्वतः सुरू होतो, एनव्हीएमईचा ड्रायव्हर चढवतो, जुन्या बायोसवर तर यूईएफआयचं अख्खं वातावरण उभं करतो, आणि मग विंडोजला हाक मारतो. विंडोजचा इन्स्टॉलरही क्लोव्हरमधूनच यूईएफआय पद्धतीने सुरू करा आणि डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत) ठेवा. विंडोज ८.१ पासून पुढे एनव्हीएमईचा ड्रायव्हर आतच आहे.

---

सावली | रविवार, सकाळी १०:१२

आणि विंडोज ७ असेल तर?

---

टर्मिनल | रविवार, सकाळी १०:४०

७ मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळात नाही. केबी२९९०९४१ आणि त्याची दुरुस्ती केबी३०८७८७३ ही दोन हॉटफिक्स आधी इन्स्टॉलेशनच्या इमेजमध्ये मिसळावी लागतात, बूट आणि इन्स्टॉल अशा दोन्ही इमेजमध्ये. नुसत्या बूटच्या इमेजमध्ये घातलीत तर इन्स्टॉलरला डिस्क दिसेल, पण पहिल्या रीस्टार्टला निळा पडदा येईल. मात्र ७ ला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. त्या सॉफ्टवेअरपुरतंच ठेवा आणि यंत्र इंटरनेटला जोडू नका.

---

बिनधास्त_बायोस | रविवार, दुपारी १२:३०

कुणी बायोस मॉडिफाय करायचं का सुचवत नाही? ६-सिरीजपासूनच्या बऱ्याच बोर्डांवर एएमआयचं यूईएफआय आहे. उत्पादकाची बायोस फाइल घ्यायची, यूईएफआयटूलमध्ये उघडायची, बाकी डीएक्सई (यूईएफआयच्या आतल्या) ड्रायव्हर्सच्या शेवटी एनव्हीएमईचा ड्रायव्हर घालायचा, सेव्ह करून फ्लॅश. माझा बोर्ड कित्येक वर्षं असाच चालतोय. डिस्क बूटच्या यादीत 'पाटा एसएस' या नावाने येते, ते पाहून घाबरायचं नाही. पेनड्राइव्हची कटकट नाही, क्लोव्हर नाही, विंडोज-लिनक्स दोन्ही थेट.

---

पितळी_स्क्रू | रविवार, दुपारी १:०५

बिनधास्त, पद्धत खरी आहे. पण ताईंच्या पडद्यावर आलेला संदेश पुन्हा वाचा. 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टीम डिस्क' हा जुन्या अवॉर्ड बायोसचा संदेश. तिथे यूईएफआयच नाही, ड्रायव्हर घालणार कुठे? आणि यूईएफआय असता तरी पहिल्यांदाच यंत्र उघडणाऱ्याला मी हा मार्ग दाखवणार नाही. फ्लॅश फसलं तर बोर्ड मेला. मग बायोसच्या आठ पायांच्या चिपला चिमटा लावून सीएच३४१ए प्रोग्रामरने जुनी फाइल परत लिहायची. त्या प्रोग्रामरच्या काळ्या बोर्डांच्या डेटा लाइनवर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट येतात हे मला चिप गरम झाल्यावर कळलं. वडिलांचं चालू यंत्र आहे ते.

---

बिनधास्त_बायोस | रविवार, दुपारी १:३०

संदेशाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. मान्य, इथे लागू नाही. यूईएफआय असलेल्यांनी मात्र जरूर विचार करावा, आधी मूळ बायोसची प्रत काढून ठेवून.

---

आजोबा६८ | रविवार, दुपारी ३:४५

तुम्हा मुलांची चर्चा वाचून जुने दिवस आठवले. हा प्रश्न दर दहा वर्षांनी नवं नाव घेऊन येतो.

एक्सपीच्या काळात सॅटा डिस्क नवी होती. बायोसमध्ये एएचसीआय (सॅटाची नवी पद्धत) चालू असलं की एक्सपीच्या इन्स्टॉलरला हार्ड डिस्क दिसायची नाही, आणि नंतर बदललं तर '७बी' क्रमांकाचा निळा पडदा. सुरुवातीला खाली ओळ यायची, 'प्रेस एफ६'. ती जेमतेम काही सेकंद टिकायची. एफ६ दाबायचं आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घालायची. फ्लॉपी ड्राइव्ह खरखर करत एकेक ट्रॅक वाचायचा आणि आम्ही श्वास रोखून बसायचो, कारण एक सेक्टर खराब निघाला की सगळं पहिल्यापासून. बायोसमध्ये 'आयडीई कंपॅटिबल' (सॅटाआधीच्या आयडीई डिस्कसारखं) केलं की फ्लॉपीशिवाय भागायचं, हे उशिरा कळलं.

त्याच्याही आधी १३७ जीबीची भिंत होती. सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा, सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार करा, १३७ जीबीच्या पुढे पत्ताच लिहिता येत नाही. ४८ बिटांचे पत्ते एटीए-६ या डिस्कच्या मानकात आले, एक्सपीला सर्व्हिस पॅक १ पासून. मी १६० जीबीची डिस्क दुसऱ्या यंत्रावर फॉरमॅट करून आणली आणि २८ बिटांच्या जुन्या सिस्टीमला जोडली. महिनाभर सुरळीत. डिस्क भरत आली तसं भिंतीपलीकडचं लिखाण फिरून डिस्कच्या सुरुवातीला पडू लागलं, आणि तिथे फाइल टेबल होतं. मुलीच्या लहानपणीचे फोटो त्यात गेले. तेव्हापासून नवी डिस्क जुन्या यंत्राला लावायची तर आधी दुसरीकडे प्रत, मगच स्क्रूड्रायव्हर. निशिगंध, तू हार्ड डिस्कची केबल आधी काढलीस, हे फार शहाणपणाचं केलंस.

---

शून्यएक | रविवार, दुपारी ४:१०

काका, फोटोंचं वाचून वाईट वाटलं.

२ टीबीची भिंतही तशीच ना? माझ्या जुन्या यंत्रात ४ टीबी डिस्क लावली तर निम्मीच वापरता येते.

---

टर्मिनल | रविवार, दुपारी ४:३५

हो, तोच गुणाकार. एमबीआरमध्ये (पार्टिशनची जुनी पद्धत) सेक्टरचा आकडा ३२ बिटांचा, म्हणून साधारण २.२ टीबीवर थांबतो. उपाय जीपीटी. लिनक्स जुन्या बायोसवरही जीपीटी डिस्कवरून बूट होतं, फक्त ग्रबसाठी १ एमबीचं 'बायोस बूट' पार्टिशन सोडावं लागतं. विंडोजला जीपीटीवरून बूट व्हायला यूईएफआय लागतं. नुसता डेटा ठेवायचा असेल तर व्हिस्टापासून पुढे कुठेही जीपीटी चालते. तुमची ४ टीबी डेटाला ठेवा, बूट दुसऱ्या छोट्या डिस्कवरून करा.

---

सावली | रविवार, संध्याकाळी ६:२०

थोडं विषयांतर. घरात पेंटियम एम चा एक लॅपटॉपही आहे, ४४ पिनांची आयडीई डिस्क कटकट आवाज करते. त्याचं काही होईल?

---

पितळी_स्क्रू | रविवार, संध्याकाळी ७:००

कटकट वाजते म्हणजे आजच डेटा काढून घ्या, उद्यावर टाकू नका.

बदली म्हणून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड छान बसतं. ते कार्ड स्वतःच आयडीईची भाषा बोलतं, अ‍ॅडॉप्टरमध्ये नुसत्या पिना जोडलेल्या असतात. एमसॅटा (छोट्या कार्डाच्या आकाराची सॅटा) डिस्क ४४ पिनांवर आणायची तर मध्ये रूपांतर करणारी चिप लागते, ती डिस्क वेगवान पण काही लॅपटॉपशी तिचं पटत नाही.

सिस्टीम ३२-बिट लागेल. डेबियन या लिनक्सच्या १३ (ऑगस्ट २०२५) पासून ३२-बिट पीसीचा इन्स्टॉलर बंद झाला, १२ मध्ये आहे. अँटीएक्स हे हलकं लिनक्सही पाहा. सुरुवातीचे पेंटियम एम 'पीएई' (४ जीबीपलीकडची मेमरी वापरायची सोय) आहे असं सांगत नाहीत, आतून असलं तरी. इन्स्टॉलर त्यावरून अडला तर बूटच्या ओळीत 'फोर्सपीएई' लिहून पाहा.

---

निशिगंध | रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर याच्यामागे होते, काय काय झालं ते सांगते.

आजोबांचा प्रतिसाद वाचून आधी हार्ड डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. मग ८ जीबीचा एक छोटा, बुटका पेनड्राइव्ह मागच्या यूएसबीत लावला. हार्ड डिस्कऐवजी पेनड्राइव्ह अशासाठी की जुन्या डिस्कचा बूट सेक्टर बदलायला मन होईना.

पहिल्या खेपेला पार्टिशन बरोबर केली आणि ती खालची छोटी यादी तशीच राहिली. ग्रब एनव्हीएमईवर गेला, पुन्हा तोच काळा पडदा. खटपट्यादादांनी लिहूनही घसरले. दुसऱ्या खेपेला यादीत पेनड्राइव्ह निवडला. तरीही तोच संदेश!

बूटच्या क्रमात 'यूएसबी-एफडीडी', 'यूएसबी-झिप', 'यूएसबी-एचडीडी' असे तीन पर्याय आहेत, तिन्ही करून पाहिले, एकानेही चाललं नाही. आता काय करू?

---

खटपट्या | रविवार, रात्री ११:०२

अगदी जवळ आहात. या बायोसमध्ये 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' नावाचं वेगळं पान असतं. बरेच अवॉर्ड बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्क समजून तिथे नेऊन ठेवतात. पेनड्राइव्ह लावलेला ठेवूनच बायोसमध्ये जा, त्या पानावर त्याला सगळ्यात वर आणा, आणि बूटच्या क्रमात पहिलं नुसतं 'हार्ड डिस्क' ठेवा.

---

निशिगंध | रविवार, रात्री ११:३१

झालं!! हे बाबांच्याच यंत्रावरून लिहितेय. पेनड्राइव्ह त्या पानावर अगदी तळाशी होता. वर आणला, सेव्ह केलं, जांभळट मेनू आला आणि मग मिंटचा हिरवा लोगो. ब्राउझर क्लिक करताच उघडतोय. बाबा मागे खुर्ची ओढून बसलेत आणि मला उठवायच्या बेतात आहेत.

एकच शंका. यंत्र चालू झाल्यावर पेनड्राइव्ह काढून ठेवला तर चालेल का?

---

टर्मिनल | रविवार, रात्री ११:४५

अभिनंदन! पण काढू नका. चालू यंत्राला तो लागत नाही हे खरं, पण कर्नलचं अपडेट येतं तेव्हा नव्या फाइल्स /बूटमध्ये, म्हणजे पेनड्राइव्हवर लिहिल्या जातात. तो जागेवर नसला तर अपडेट अर्धवट राहतं. /बूट जोडलेलंच नसताना त्या फाइल्स एनव्हीएमईवरच्या त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडतात, पेनड्राइव्हवर जुनाच कर्नल राहतो, आणि पुढे जुन्या कर्नलचे मॉड्यूल (त्याचे ड्रायव्हर) साफ झाले की एक दिवस यंत्र सुरू होऊन नेटवर्क-आवाज सगळं गायब दिसतं. १ जीबीत दोन-तीन कर्नल मावतात, जुने अधूनमधून काढत जा.

आणि या पेनड्राइव्हची अख्खी प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर आजच करून ठेवा, दर कर्नल अपडेटनंतर पुन्हा. हा कधी ना कधी जाणारच. गेला तर प्रत लावायची, बायोसच्या त्याच पानावर तिला वर आणायची आणि पुढे चालू. मात्र प्रत आणि मूळ एकाच वेळी लावून यंत्र सुरू करू नका. दोघांचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) एकच असतो, आणि कुठला /बूट म्हणून जोडला जाईल याचा भरवसा नाही.

---

निशिगंध | सोमवार, सकाळी ८:१५

प्रत केली. एका पेनड्राइव्हवर चिकटपट्टीने 'बूट. काढू नये' असं लिहून मागे लावलाय, दुसरा कॅबिनेटच्या आत, रिकाम्या ड्राइव्हच्या खणात चिकटवलाय. जुनी हार्ड डिस्क सॅटाला परत जोडली. त्यानंतर बायोसने तिला आपोआप पहिल्या नंबरवर आणलं आणि विंडोज सुरू झालं, पण आता ते पान कुठे आहे हे ठाऊक होतं. बाबांना त्यांच्या सगळ्या फाइल्स मिंटमधून दिसतायत.

सावली, तुमच्या लॅपटॉपचा डेटा निघाला का?

---

सावली | सोमवार, सकाळी ९:०३

निघाला. शेवटच्या फोल्डरला डिस्क दोनदा अडखळली, पण निघाला. क्लोव्हरला या शनिवारी हात घालते, अडले की इथेच विचारेन.